सोनोग्राफीची चिठ्ठी, रिपोर्ट आणि मधलं सगळं: खान्देशातल्या नव्या आरोग्यसेविकेसाठी

उपकेंद्राचा चार्ज घेतला की पहिल्याच गरोदर माता तपासणीच्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "सिस्टर, सोनोग्राफी कधी करायची?" पोट तपासणं, फिटोस्कोप (बाळाचे ठोके ऐकायची नळी) लावणं, बीपी बघणं आपण शिकून आलेलो असतो. सोनोग्राफीचं काम मात्र रुजू झाल्यावरच अंगवळणी पडतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत नव्याने आलेल्या आरोग्यसेविका, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि मिडवायफरीचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. मशीनवरची दहा-पंधरा मिनिटं डॉक्टरांची असतात, त्याआधीचं आणि त्यानंतरचं सगळं काम आपलं. आपल्याकडे बिघडतं ते बहुतेक वेळा याच आधी-नंतरच्या कामात.

प्रोबला हात लावायचा नाही

प्रोब म्हणजे मशीनचा पोटावर फिरवायचा भाग. ब्रिटनमध्ये वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या मिडवाइफ स्वतः सोनोग्राफी करतात. भारतात २०१८ पासून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी' तयार करायचं काम सुरू झालं, तरी मशीन चालवणं आपल्या वाट्याला आलेलं नाही. त्याला कारण १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा, म्हणजेच पीसीपीएनडीटी. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. मशीन नोंदवलेलं, केंद्र नोंदवलेलं आणि चालवणारा कायद्याने ठरवलेल्या पात्रतेचा डॉक्टर, या तिन्ही गोष्टी लागतात. मोबाइलला जोडायची छोटी प्रोबही कायद्याच्या लेखी सोनोग्राफी मशीनच आहे. कोणी "मॅडम, फक्त ठोके बघायला" म्हणत ती उपकेंद्रात घेऊन आला तर त्याला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा, हातात घेऊन बघूसुद्धा नका.

ठोके ऐकायचं हातातलं डॉपलर वेगळं. त्यात चित्र दिसत नाही, फक्त आवाज येतो, आणि ते आपण वापरू शकतो. साधारण १२ आठवड्यांनंतर त्यावर ठोके सापडू लागतात, फिटोस्कोपने ऐकायला २४ आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. आईची नाडी बोटाखाली धरूनच डॉपलर लावा, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात.

मशीन आपल्या हाती नाही म्हणून हळहळू नका. काँगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या पाच देशांत नर्स, मिडवाइफ वगैरेंना शिकवून खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत सोनोग्राफी सुरू केली होती. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा त्यामुळे माता किंवा बाळांचे मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. मला त्यात नवल वाटत नाही. वार (प्लॅसेंटा) खाली आहे हे दिसलं, पण त्या बाईला सिझेरियन आणि रक्त मिळेल अशा ठिकाणी वेळेत कोणी नेलंच नाही, तर दिसून काय उपयोग?

पहिली पायरी: पाळीची तारीख

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सोनोग्राफी कधी करायची आणि तिच्यात दिसलेली मापं बरोबर की कमी, हे दोन्ही या एका तारखेवर ठरतं.

"शेवटची पाळी कधी आली?" असं विचारलं की उत्तर येतं, "लक्षात नाही." खरं तर लक्षात असतं, फक्त इंग्रजी तारखेत नसतं. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी की नंतर? माहेरी गेली होतीस तेव्हा आली होती का? कानबाई बसली त्या रविवारी डोक्यावरून न्हाली होतीस का? पोळा, गुलाबाई, सारंगखेड्याची यात्रा, सातपुड्याकडे होळी आणि होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, यांतल्या कशाला ना कशाला तारीख अडकवता येते. सासू शेजारी असेल तर तिलाही विचारा, पण बाईला एकटीलाही विचारा. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पाड्यावर हे संभाषण आशाताईंवर सोपवा, आपण नुसतं लिहून घ्या.

मग त्या वर्षीचं कॅलेंडर काढा. हे टाळू नका. २०२४ मध्ये आखाजी १० मे रोजी होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. अंदाजाने 'आखाजी म्हणजे मे' असं लिहिलं तर पहिल्याच नोंदीत आठ-दहा दिवसांचा घोळ होतो.

एक उदाहरण घेऊ. २०२५ च्या आखाजीच्या चार दिवस आधी पाळी आली, म्हणजे २६ एप्रिल. त्यात ९ महिने ७ दिवस मिळवले की प्रसूतीची संभाव्य तारीख येते २ फेब्रुवारी २०२६. पाळी नियमित होती का, मागचं मूल अजून अंगावर पीत होतं का, गोळ्या किंवा इंजेक्शन चालू होतं का, हेही विचारा. शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल, किंवा पाळी अनियमित असेल, तर तारखेपुढे प्रश्नचिन्ह काढा आणि पहिली सोनोग्राफी लवकर होईल असं बघा. अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस गेलेल्या बाया तुम्हाला भेटतीलच, त्यांच्या बाबतीत पाळीची तारीख नसतेच.

दुसरी पायरी: कोणती सोनोग्राफी कधी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं ते एवढंच की २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हायलाच हवी. आपल्याकडे डॉक्टर साधारणपणे तीन सांगतात: पहिल्या तीन महिन्यांत एक, १८ ते २० आठवड्यांत व्यंग पाहण्यासाठी दुसरी, आणि ३२ आठवड्यांच्या आसपास वाढ, पाणी, वार पाहण्यासाठी तिसरी. लांबच्या पाड्यावरच्या बाईला तीनदा नेणं जमणार नसेल तर कोणती सोडायची, असा प्रश्न पडतो. निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. पण मला विचाराल तर मधली कधीच चुकू देऊ नका.

त्याचं कारण गर्भपाताच्या कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि काही ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तरच, तेही मेडिकल बोर्डाच्या निर्णयाने. डोक्याची कवटीच तयार झालेली नाही हे सातव्या महिन्यात कळलं तर त्या घरापुढे फार थोडे मार्ग उरतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, आणि २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातल्या तपासण्या आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. पण सगळं ९ तारखेवर ढकलू नका. वरच्याच उदाहरणात बघा. २६ एप्रिलची पाळी म्हणजे १८ ते २० आठवडे येतात ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबरला, ९ सप्टेंबर त्यात नेमकी बसते, गणपतीही उठलेले असतात. मानेमागची जाडी मोजण्याची सोनोग्राफी मात्र ११ ते १४ आठवड्यांच्या मधली, म्हणजे १२ जुलै ते १ ऑगस्ट. ९ जुलैला १० आठवडे ४ दिवस आणि ९ ऑगस्टला पूर्ण १५ आठवडे. दोन्ही तारखा हुकतात. गरोदरपणाचे दिवस ठरवण्यासाठी ९ जुलै उत्तमच आहे, पण डॉक्टरांनी मानेमागची जाडी मोजायला सांगितली असेल तर वेगळा दिवस मागून घ्यावा लागेल. नोंदणी करतानाच प्रत्येकीच्या कार्डावर पेन्सिलने हे आठवडे लिहून ठेवा.

तिसरी पायरी: चिठ्ठी आणि एफ फॉर्म

चिठ्ठी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीची हवी आणि तिच्यावर कारण लिहिलेलं हवं. नुसतं 'सोनोग्राफी करणे' असं लिहू नये. एफ फॉर्मवर, म्हणजे पीसीपीएनडीटी कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्मवर, सोनोग्राफीच्या २३ कारणांची यादी छापलेली असते, चिठ्ठीवरचं कारण त्यातल्या एकाशी जुळलं पाहिजे. फॉर्ममध्ये बाईचं नाव, वय, पत्ता, आधीची मुलं किती, त्यांतले मुलगे-मुली किती, पाळीची तारीख, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव असतं, आणि बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं तिचं निवेदन असतं. ती अंगठा देणार असेल तर सोबत आलेल्या माणसाने तो तिचाच असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणून सही करू शकणारं कोणीतरी सोबत पाठवा. हा फॉर्म अपुरा राहिला तर केंद्र अडचणीत येतं, त्यामुळे तिथली माणसं कागदावरून कटकट करतात. त्यांच्यावर चिडू नका.

सोबत आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट द्या. आधीचे रिपोर्ट म्हणजे खरंच सगळे, अगदी पत्र्याच्या पेटीत चुरगळून पडलेलेसुद्धा.

जायच्या आदल्या दिवशी

उपाशी जायचं नाही. हे तीनदा सांगा, कारण पोटाची सोनोग्राफी उपाशीपोटी असते हे कोणीतरी तिला सांगितलेलंच असतं. पहाटेची एसटी, जळगाव-भुसावळकडचं मे महिन्यातलं ऊन, दवाखान्यातली रांग, आणि त्यात पोटात अन्न नसलेली गरोदर बाई! भाकरी बांधून घ्यायची, पाण्याची बाटली घ्यायची. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते, पुढच्या महिन्यांत त्याची गरज नसते. हे एक्स-रेसारखे किरण नाहीत, आवाजाच्या लहरी आहेत, पोटावर गार जेल लावतात, दुखत नाही. सुटी साडी किंवा घागरा-ब्लाउज असेल तर पोट उघडं करायला सोपं जातं.

रिपोर्ट हातात आल्यावर

घरच्यांना डॉक्टर दोन शब्दांत सांगतात आणि पाठवून देतात. समजावून सांगायला ते तुमच्याकडेच येणार. रोगनिदान करायचं नाही, पण कोणती ओळ कुठे आणि तिचं काय करायचं हे कळायला हवं.

आधी नाव आणि तारीख जुळवा. एका दिवशी एकाच आडनावाच्या पाच जणी गेलेल्या असतात.

मग आठवडे. रिपोर्टवर बहुधा दोन आकडे असतात, एक पाळीवरून आणि एक मापांवरून. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेले दिवस सगळ्यात विश्वासाचे. ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान पाळी आणि सोनोग्राफी यांत ७ दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात, त्याहून कमी असेल तर पाळीचीच ठेवतात. जी ठरेल ती कार्डावर लाल पेनाने लिहा, तिला गोल करा आणि यापुढे कोणत्याही रिपोर्टवरून ती खोडू नका.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा सांगणार आहे, कारण नवीन मुलींचं हमखास इथेच चुकतं. ३२ व्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, मापं आली २९ आठवड्यांची, आणि रिपोर्टच्या खाली मशीनने स्वतःच नवी संभाव्य तारीख छापली, तीन आठवडे पुढची. कार्डावर जुनी तारीख खोडून नवी टाकली की सगळं 'नॉर्मल' दिसायला लागतं. प्रत्यक्षात ते बाळ पोटात वाढत नाहीये. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीच्या पट्ट्यात, जिथे आईचंच वजन चाळीस किलोच्या आसपास असतं आणि हिमोग्लोबिन कमी, तिथे हे बाळ कमी वजनाचं जन्मणार हे महिनाभर आधी कळण्याची संधी आपणच खोडून टाकतो. सुरुवातीची तारीख पक्की असताना पुढची मापं मागे पडली तर तारीख तीच ठेवायची आणि बाईला डॉक्टरांकडे पाठवायचं. तुमच्या टेपनेही हे पकडता येतं: २४ ते ३६ आठवड्यांत गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकीच असते, दोन-तीनचा फरक पडला की सावध व्हा.

वार कुठे आहे ते बघा. पुढे, मागे, वर, हे सगळं ठीक. 'लो लाइंग' किंवा 'प्रीव्हिया' (वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ किंवा तोंडावर) असं दिसलं तर आठवडे बघा. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेक जणींत गर्भाशय वाढेल तशी वर सरकते, म्हणून घाबरवायचं नाही, पण ३२ आठवड्यांना पुन्हा सोनोग्राफी नक्की करायची. तोवर रक्त दिसलं तर थेट मोठ्या दवाखान्यात, आणि तुम्ही आतून तपासणी करायची नाही. आधी सिझेरियन झालेलं आणि आता वार खाली, हे एकत्र असेल तर प्रसूती जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच ठरवून ठेवा. वार जुन्या टाक्यात रुतलेली असू शकते, आणि तेव्हा रक्तस्राव आवरत नाही.

बाळाभोवतीचं पाणी 'एएफआय' या अक्षरांपुढे सेंटिमीटरमध्ये असतं. ५ पेक्षा कमी म्हणजे कमी, २५ पेक्षा जास्त म्हणजे जास्त, दोन्हीला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०.

बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर पुन्हा आठवडे बघा. २८ आठवड्यांना पायाळू असणं काही विशेष नाही, बहुतेक बाळं ३६ आठवड्यांपर्यंत फिरतात. ३६ नंतरही पायाळू-आडवं असेल तर घरी किंवा उपकेंद्रात प्रसूती नाही. गावातली दाई पोट चोळून बाळ फिरवून देते म्हणत असेल तर तिला नीट समजावा. तिच्याशी भांडू नका, उद्या हीच दाई तुम्हाला रात्री फोन करणार आहे.

'मानेभोवती नाळेचा वेढा' या ओळीने घरोघरी रडारड होते. असा वेढा पुष्कळ बाळांना असतो आणि बहुतेक जणींची प्रसूती नीट होते. डॉक्टरांना दाखवा, पण त्यावरून तिला घाबरवून टाकू नका.

आणि एक: सोनोग्राफी 'नॉर्मल' आली म्हणून रक्त-लघवीच्या तपासण्या सुटत नाहीत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सोनोग्राफीत दिसत नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याला तो तपासायलाच हवा.

ज्यात सोनोग्राफीची वाट बघायची नाही

रक्तस्राव, झटके, बीपी १४०/९० किंवा वर आणि सोबत डोकेदुखी किंवा अंधारी, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, दोन महिने चढलेत आणि पोटात एका बाजूला जोराचं दुखून चक्कर येणं. यांतलं काहीही असेल तर "९ तारखेला सोनोग्राफी आहेच ना" हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा आणि सोबत जा. सोनोग्राफी तिकडे पोचल्यावर करतील.

"आंडोर शे का आंडेर?"

'मुलगा आहे की मुलगी?' हा प्रश्न येणार, कधी थेट, कधी हसत, कधी आजेसासूच्या तोंडून. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८५० मुलीही नव्हत्या. नंदुरबारच्या आदिवासी भागात मुली तुलनेने बऱ्याच जास्त होत्या. शिकलेला, केळी-कापसाचा पैसा असलेला भाग मागे आणि डोंगर पुढे, हे लक्षात असू द्या. आपला अनुभव अनेकदा उलट पूर्वग्रह घेऊन येतो.

उत्तर एकच द्या: "मावशी, ते मला माहीत नसतं, आणि डॉक्टरांनी सांगणं गुन्हा आहे." सांगणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बाईला दोष देऊ नका, तिच्यावर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असंच कायदा आधी गृहीत धरतो. दोन-तीन मुलींनंतरची गरोदर बाई तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न सांगता राज्याच्या सीमेपलीकडे 'नातेवाइकांकडे' जाऊन आली आणि नंतर 'आपोआप पडलं' असं कळलं, तर रजिस्टरमध्ये निमूट खाडाखोड करू नका, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. नाव न सांगता तक्रार करायची असेल तर १०४ आहे. मात्र प्रत्येक गर्भपाताकडे संशयाने बघायची सवय लागली की खरोखर गरज असलेली बाई तुमच्यापासून लपायला लागते. माझ्या मते हे नुकसान तितकंच मोठं आहे.

स्थलांतर करणाऱ्या बाया

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा इतर जिल्ह्यांत जाणाऱ्या गरोदर बायांची वेगळी यादी आशाताईंकडून सप्टेंबरमध्येच करून घ्या. ज्यांचे १८ आठवडे निघायच्या आधी भरतात त्यांची सोनोग्राफी उरकूनच घ्या. ज्यांचे प्रवासात भरणार, त्यांच्या कार्डाच्या पहिल्या पानावर आठवड्यांऐवजी सरळ तारखा लिहा, कारण तिकडची सिस्टर आपलं मराठी अक्षर वाचेलच असं नाही, पण आकडे वाचेल. रिपोर्टचा फोटो काढून स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याकडे द्या. मुकादमाचा आणि नवऱ्याचा, दोघांचेही मोबाइल नंबर घ्या, कारण तळावर एक नेहमी बंद असतो. होळीला ती परत आली की पहिल्याच भेटीत पिशवी मागून घ्या आणि तिकडे झालेल्या तपासण्या, प्रसूती झाली असेल तर तारीख आणि बाळाचं वजन, तुमच्या रजिस्टरमध्ये लाल गोलातल्या तारखेशेजारी चढवा.